चाळीस खांबांचा हिशेब

पहिला दिवस : तेहरान

आईनं गुडघ्यांचं कारण पुढे करून अंग काढून घेतलं, म्हणून इराणला मी आणि बाबा असे दोघंच गेलो. मला राजवाडे बघायचे होते. आरसेमहाल, भित्तिचित्रं, निळ्या फरश्या वगैरे. बाबांनी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेली, त्यातली निम्मी औरंगाबादेत. त्यांना काय बघायचंय हे त्यांनी निघताना सांगितलं नव्हतं, पण हॉटेलातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत कळलं.

तेहरानच्या वलीअस्र रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिनारांची रांग आहे आणि झाडांच्या मुळाशी उघडा, बांधीव चर. त्याला तिथे जूब म्हणतात. शहराच्या उत्तरेला अल्बोर्झ पर्वत. मे महिना असूनही माथ्यावर बर्फ होतं. शहर तिथून दक्षिणेकडे उतरत जातं आणि त्याच उतारानं जुबातलं पाणीही. मी पर्वताचा फोटो काढत होते. बाबा चरावर ओणवे होऊन पाण्यात वाळकं पान सोडत होते आणि घड्याळ बघत होते.

"सेकंदाला मीटरभर तरी वेग आहे गं," असं म्हणून ते मागे सरकले आणि त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत जुबात गेला.

उरलेला दिवस बूट वाळवण्यात आणि पैशांचा घोळ समजून घेण्यात गेला. नोटेवर लिहिलेलं असतं रियाल, माणसं बोलतात तोमानमध्ये, म्हणजे एक शून्य मनातल्या मनात उडवायचं. आपलं कुठलंही कार्ड तिथे चालत नाही, त्यामुळे नोटांची पुडकी घेऊन हिंडायचं. बाबांनी त्यांची पुडकी खात्यातल्या सवयीनं दोन खिशांत विभागून ठेवली, आणि कोणत्या खिशात किती ते डायरीत लिहिलं.

दुसरा दिवस : गोलेस्तान

मेट्रोनं गेलो. बायकांचे डबे वेगळे, आणि त्या डब्यांत हेअरक्लिपा, मोजे, लिपस्टिक विकणाऱ्या बायका. मुंबईच्या लोकलमध्येच चढल्यासारखं वाटलं, फक्त इथे माझ्या डोक्यावरचा स्कार्फ दर दोन मिनिटांनी मागे घसरत होता. आसपासच्या मुलींचाही घसरत होता, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती.

गोलेस्तान म्हणजे फुलबाग. राजवाड्याला नाव बागेचं, हे मी तिकिटावर वाचलं आणि विसरले. काजार घराण्याच्या शहांचं हे राहतं घर आणि दरबार. २०१३ साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आत गेल्यावर एकच एक प्रचंड इमारत समोर येत नाही. मधे बाग, लांबट हौद, चिनार, आणि कडेकडेनं वेगवेगळ्या काळांत बांधलेल्या इमारती. प्रत्येकीचं तिकीट वेगळं. बाबांनी तिकीटखिडकीपाशी बराच विचार करून सगळी काढली.

सगळ्यात आधी तख्त-ए-मरमर. तख्त, ताज, दरबार, पडदा, दरवाजा... इथे भाषांतराची गरज पडत नाही, कान थोडा तिरका केला की पुरतं. एका बाजूनं पूर्ण उघडा दिवाणखाना, भिंतींवर आरशांचे तुकडे, आणि मधोमध १८०६ साली फतेहअली शहासाठी घडवलेलं संगमरवरी तख्त. यझ्दचा पिवळसर दगड, ६५ तुकडे जोडलेले, आणि ते सगळं वजन खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या पऱ्या आणि राक्षस. राक्षसांचे चेहरे मात्र बिचारे ओझ्यानं दमलेल्या हमालांचे. दर्शनी भागातले दोन पिळाचे खांब शिराझहून उचलून आणलेले आहेत. काजार घराण्याच्या आगा मोहम्मद खानानं आपला वैरी करीमखान झंद याच्या वाड्यातून ते काढून इथे बसवले. वैर कसं टिकवावं हे त्याच्याकडून शिकावं.

त्याच करीमखानाच्या नावाचा एक कोपरा अंगणाच्या टोकाला आहे, खलवत-ए-करीमखानी. खलवत म्हणजे आपलं खलबतखान्यातलं खलबत, एकांत. तीन कमानी, सावली, मधे छोटंसं हौद. पूर्वी या हौदात शाही कनातीचं, म्हणजे जमिनीखालून बोगद्यानं आणलेलं पाणी उसळायचं आणि मग पाटांनी बागेत जायचं. बाबांनी आदल्या रात्री तीन फारसी शब्द पाठ केले होते : आब म्हणजे पाणी, कोजा म्हणजे कुठे, आणि मेर्सी, जो फ्रेंच आहे पण तिथे सर्रास चालतो. रखवालदारासमोर त्यांनी ते ओळीनं वापरले. "आब कोजा? मेर्सी." रखवालदारानं बोटानं जमिनीकडे दाखवलं आणि म्हणाला, "कनात." दोघंही खूष झाले.

शेजारीच नासेरुद्दीन शहाच्या थडग्यावरची संगमरवरी शिळा ठेवलीय, तिच्यावर त्याची आकृती कोरलेली. जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलेला हा माणूस. १८९६ साली त्याचा खून झाला. फोटोग्राफीचा त्याला विलक्षण नाद होता. स्वतः कॅमेरा चालवायचा, जनान्यातल्या बायकांचे, मांजरांचे, स्वतःचे फोटो काढायचा. पाचमजली, जुळ्या मनोऱ्यांची शम्सुल इमारत हीही त्याचीच हौस. उंचावरून शहर बघायला मिळावं म्हणून बांधून घेतलेली, १८६७ च्या सुमारास पुरी झालेली. मला तो माणूस आवडायला लागला होता. हे पुढच्या दिवसासाठी लक्षात ठेवा.

आरसेमहालात मी पाऊण तास होते. भिंती, छत, खांब, सगळीकडे आरशाचे बोटभर तुकडे कोन साधून बसवलेले. युरोपातून मागवलेले आरसे वाटेत फुटायचे, त्यांचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ही कला निघाली, असं तिथे सांगतात. खरं असो नसो, गोष्ट काटकसरी आणि म्हणून पटण्यासारखी आहे. इतक्या आरशांत स्वतःचा चेहरा मात्र एकदाही धड दिसत नाही. कुठे कान, कुठे स्कार्फचं टोक.

याच महालाचं कमालुल्मुल्क या चित्रकारानं काढलेलं एक प्रसिद्ध चित्र इथे आहे. काही वर्षं तो त्यावर खपत होता. एकेक आरसा, एकेक झुंबर, फरशीवरची झळाळी, सगळं रंगवलंय. आणि त्या सगळ्या झगमगाटात खुर्चीवर एकटा बसलेला नासेरुद्दीन शहा खिडकीतून बाहेर बघतोय. बागेकडे. बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. "बघ," म्हणाले, "तोही माझ्यासारखाच कंटाळलाय."

तिसरा दिवस : काशान

सकाळच्या बसनं निघालो. अडीचशे किलोमीटर, बहुतेक सगळं रखरखीत, मिठाच्या वाळवंटाच्या कडेनं. बाबा खिडकीला नाक लावून कुठे कनातीच्या विहिरींची रांग दिसते का ते बघत होते. एकदा दिसलीही : मातीच्या गोल कडांची भोकं, मुंग्यांनी वारुळं रांगेत घालावीत तशी. मला झोप लागली.

फिनची बाग गावाबाहेर आहे. उंच मातकट भिंती, बाहेर उजाड डोंगर आणि धूळ. दरवाजातून आत पाऊल टाकलं आणि आधी कानाला कळलं, मग डोळ्याला. पाण्याचा आवाज. शेकडो वर्षांच्या सरूंच्या दोन रांगा, त्यांच्यामधून फिरोजी फरश्यांचा उथळ पाट आणि त्या पाटात हातभर अंतरानं उसळणारी बुटकी कारंजी. शाह अब्बास पहिला याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, या बागेनं आजचा आकार घेतला. पुढे फतेहअली शहानं भर घातली. इराणमधल्या ज्या नऊ बागा २०११ साली एकत्रितपणे जागतिक वारसा ठरल्या त्यांत ही आहे. पण ही माहिती नंतरची. तेव्हा मी फक्त बूट काढून पाटाच्या कडेला बसले. कुणी हटकलं नाही.

बाबा गायब होते. अर्ध्या तासानं ते बागेच्या वरच्या अंगाला सापडले, एका कॉलेजच्या वयाच्या मुलाबरोबर. मुलाला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं आणि बाबांच्या "आब कोजा"ला तो पुरून उरला होता.

"चश्मे-ये सुलेमानिये," मुलगा डोंगराकडे हात करून म्हणाला.

बाबांनी चटकन खिशाला हात लावला. चष्मा जागेवर होता. मग उलगडा झाला. फारसीत चश्म म्हणजे डोळा आणि चश्मे म्हणजे झरा. जमिनीनं डोळा उघडावा तसं पाणी वर येतं म्हणून. नाकावरच्या चष्म्याला ते ऐनक म्हणतात. मागच्या डोंगरातून येणाऱ्या सुलेमानिये झऱ्याचं पाणी वरच्या अंगाला साठवतात आणि ही सगळी कारंजी केवळ त्या उंचीच्या जोरावर उडतात.

"पंप नाही!" बाबा मला म्हणाले, जणू तो पंप मीच लपवला असावा. "हेड, म्हणजे पाण्याला उंची, मिळालं की झालं. पण नुसतं हेड मिळून चालत नाही, पहिलं कारंजं जोरात उडेल आणि शेवटचं नुसतं थुंकेल. इथे बघ, सगळी सारख्या उंचीची." पाटाखालून मातीच्या भाजलेल्या नळ्या गेल्यात आणि पुढे पुढे त्यांचा व्यास कमी होत जातो, त्यामुळे दाब टिकतो, असं त्यांनी त्या मुलाच्या मदतीनं जमिनीवर काडीनं आकृती काढून समजावलं. मग औरंगाबादची नहर-ए-अंबरी आली. मलिक अंबरच्या खापरी नळ्या, पाणचक्की. मग कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यात आणलेलं पेशव्यांचं पाणी आणि तिथलं हजारी कारंजं. मुलगा शहाण्यासारखा मान डोलवत होता. फारसीत कारंज्याला फव्वारे म्हणतात हे कळल्यावर बाबा थोडे हिरमुसले. "आपण तो शब्द द्राक्षावर औषध मारायला ठेवला," म्हणाले.

बागेच्या एका कडेला हमामखाना आहे. आत पुतळे मांडून प्रसंग उभा केलाय. अमीर कबीर हा नासेरुद्दीन शहाचा पंतप्रधान. तेहरानात दारुल फुनून ही आधुनिक विद्यांची पहिली मोठी संस्था काढणारा, खजिन्याची गळती बंद करणारा, आणि त्यामुळे राजवाड्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत सलणारा. शहाची सख्खी बहीण त्याची बायको. दरबारी कारस्थानं शिजली, त्याला पदावरून काढून या बागेत आणून ठेवलं, आणि जानेवारी १८५२ मध्ये शहाच्या हुकमानं याच हमामात त्याच्या हाताच्या शिरा कापल्या. हुकूम देणारा शहा तेव्हा विशीतला पोरगा. मांजरांचे फोटो काढणारा. मी आदल्या दिवशी काढलेला त्याच्या थडग्याचा फोटो उघडून बघितला आणि बंद केला.

इराणी माणसं त्या हमामात आवाज खाली आणून बोलत होती. शाळेच्या सहलीची पोरंसुद्धा.

बाहेर गुलाबपाण्याची दुकानं होती. मे महिना म्हणजे काशान आणि जवळच्या कमसरचा गुलाबांचा हंगाम. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत पाकळ्या उकळून वाफ धरतात. बाटलीवर लिहिलेलं 'गुलाब' मी अक्षरं जुळवून वाचलं. फारसीत फुलाला म्हणतात गोल, पाण्याला आब, म्हणजे गुलाब हे अर्काचं नाव आहे, फुलाचं नव्हे. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन बसलोय. बाबांनी तीन बाटल्या घेतल्या, एक आईला, दोन 'सत्यनारायणाला होतील' म्हणून.

चौथा दिवस : इस्फहान, चेहेल सोतून

चेहेल म्हणजे चाळीस, सोतून म्हणजे खांब. संस्कृतातली स्थूणा तीच ही. शाह अब्बास दुसरा याच्या काळात, १६४७ साली पुरा झालेला हा महाल राहण्यासाठी नव्हता, पाहुण्यांना दिपवण्यासाठी होता. परदेशी वकील, हरलेले राजे, जिंकलेले सरदार इथे मेजवानीला येत. खांब प्रत्यक्षात वीस आहेत. समोरच्या शंभर मीटरहून लांब हौदात त्यांचं प्रतिबिंब पडतं, म्हणून चाळीस. हे प्रत्येक माहितीपुस्तकात असतं आणि प्रत्येक प्रवासी ते दुसऱ्याला नव्यानं सांगतो. मीही बाबांना सांगितलं.

बाबा मोजायला गेले.

"पुढे अठरा, सहाच्या तीन रांगा," परत येऊन म्हणाले, "आणि आत आरशाच्या कोनाड्याशी दोन. वीस बरोबर." मग हौदाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. वारा नव्हता, कारंजीही बंद होती, पाणी काचेसारखं. त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा मोजलं. "पाण्यात सहा दिसतात. फार तर आठ. मागचे पुढच्यांच्या आड जातात. हिशेब जमत नाही."

मी म्हटलं, "बाबा, फारसीत चाळीस म्हणजे पुष्कळ. आपण छप्पन्न भानगडी म्हणतो तसं. त्या काय कुणी मोजतं?"

"मग वीसालाच पुष्कळ म्हणायचं होतं."

खांब म्हणजे चिनाराचे सरळसोट बुंधे, इतके उंच की वर बघताना स्कार्फ पुन्हा पडला. मधल्या चार खांबांच्या पायाशी दगडी सिंह आहेत, त्यांच्या तोंडातून मधल्या हौदात पाणी यायचं. म्हणजे महालाच्या पुढे पाणी, ओसरीत पाणी, आणि मागेही पाणीच. १७०६ साली इथे आग लागली होती, बरंच नव्यानं बांधावं लागलं. पुढे चित्रांवर चुनाही फासला गेला. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत इटालियन तज्ज्ञांनी इराणी कारागिरांबरोबर बसून चित्रं पुन्हा उघडी केली. सोन्यात कोरलेल्या छताखाली उभं राहिलं की त्या माणसांच्या मानेचा विचार येतो.

आतल्या मोठ्या दालनात सहा भव्य चित्रं. एकात शाह तहमास्प हुमायूनला मेजवानी देतोय. शेरशाहकडून हरून हिंदुस्थानातून पळालेला हुमायून १५४४ साली इराणच्या दरबारात मदत मागायला आला होता. वादक आहेत, नाचणाऱ्या आहेत, ताटांत फळं आहेत, आणि हुमायूनचा चेहरा यजमानाकडे वळलेला. उसनवारीला आलेल्या पाहुण्याचा चेहरा चित्रकारानं नेमका पकडलाय, की ते मलाच दिसलं, कोण जाणे.

त्याच दालनात, पण काळानं पुष्कळ नंतरचं, कर्नालचं युद्ध. नादिरशहा घोड्यावर, दिल्लीचा मोहम्मदशहा हत्तीवर, फेब्रुवारी १७३९. शाळेत आपण हे दिल्लीच्या बाजूनं शिकतो, लूट, कत्तल, मयूरासन आणि कोहिनूर गेला. इथे तो अभिमानानं भिंतीवर आहे. साहजिक आहे, भिंत त्यांची आहे. त्याच वेळी आपल्याकडे चिमाजी आप्पांचा वसईला वेढा चालू होता. मे महिन्यात वसई पडली. मी हे बाबांना सांगायला वळले तर शेजारचे एक आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले, "हेंद?" मी मान हलवली. त्यांनी चित्राकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून किंचित झुकले. माफी होती की नुसता नमस्कार, मला कळलं नाही. मीही झुकले.

ते आजोबा, त्यांच्या पत्नी आणि नातवंडं नंतर बागेत भेटली. सतरंजी, थर्मास, काकडी, सुकामेवा. इराणी कुटुंबाला हिरवळीचा तुकडा दिसला की सतरंजी बाहेर येतेच. आम्हाला हाताला धरून बसवलं. चहा काळा, साखरेचा खडा दातात धरून त्यावरून प्यायचा. पुण्यातला दूध आटवलेला इराणी चहा इराणात कुणाला माहीत नाही, मस्काबनचं नाव काढलं तर बघत राहतात. आजोबांनी गाव विचारलं. बाबा म्हणाले, "पुणे. पेशवा, पेशवा." आजोबांच्या भुवया वर गेल्या. पिशवा म्हणजे पुढारी, त्यांना वाटलं बाबा स्वतःबद्दल सांगतायत. मग बाबांना काकडीचा सगळ्यात मोठा तुकडा मिळाला.

संध्याकाळी बाबांनी जेवणात हौसेनं 'बिर्यान' मागवली. पोळीवर वाटलेल्या मटणाची चपटी टिक्की आली, वर दालचिनीचा वास. भाताचा कण नाही. ती संपवून ते बराच वेळ भाताची वाट बघत होते.

पाचवा दिवस : अली कापू आणि नदी

नक्श-ए-जहान चौकाबद्दल लिहायला बसले तर हे लेखन संपणार नाही. अर्ध्या किलोमीटरहून लांब चौक, एका बाजूला शेख लुत्फुल्लाची मशीद, समोर अली कापू महाल. त्याच्या सज्जातून शाह अब्बास खाली चाललेला पोलो बघायचा, गोलाचे दगडी खांब अजून तिथे आहेत. एवढंच.

अली कापूचा जिना गोल, उभा आणि पायऱ्या गुडघ्याला लाजवणाऱ्या. आई आली नाही ते बरं झालं. सगळ्यात वर संगीताची खोली. छताला आणि भिंतींना सुरया, पेले, फुलदाण्या यांच्या आकाराचे चुन्याचे पोकळ कोनाडे कापलेत, म्हणजे आवाज घुमत नाही, मुरतो. मी हळूच सा लावून बघितला. बाबा या खोलीपर्यंत आलेच नाहीत. ते तिसऱ्या मजल्यावरच्या अठरा खांबांच्या सज्जात अडकले होते. तिथे तांब्यानं मढवलेला एक हौद आहे. एवढ्या उंचीवर पाणी! बैलांच्या जोरावर वर चढवायचे असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मोट," म्हणाले. "मोठ्या घरची मोट."

दुपारी हश्त बेहेश्त, म्हणजे आठ स्वर्ग, शाह सुलेमानाचा १६६९ चा छोटा महाल. बागेत म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. महालापेक्षा त्यांच्याकडेच जास्त वेळ गेला.

खाजू पुलावर जायचं ते संध्याकाळी, गाणी ऐकायला. पुलाच्या कमानींखाली माणसं जमतात आणि कुणीतरी हौशी गवई उंच आवाजात सुरू करतो. नदीचं नाव झायंदे रूद, जीवन देणारी. आम्ही गेलो तेव्हा तिच्यात थेंब नव्हता. धरणातून पाणी सोडतील तेव्हाच ती वाहते, एरवी वर्षातले कित्येक महिने पात्र असंच. पोरं पात्रात सायकली चालवत होती. पुलाच्या मध्यावर शहासाठी बांधलेली नक्षीदार बैठक आहे, पाणी बघत बसायला.

मला वाटलं बाबा आता खट्टू होणार. ते पायऱ्या उतरून सरळ पात्रात गेले. खाजू हा नुसता पूल नाही, बंधाराही आहे. कमानींच्या मधे दगडी खाचा आहेत, त्यांत फळ्या सरकवल्या की वरच्या बाजूला पाणी तुंबायचं आणि शहाच्या बैठकीसमोर तलाव तयार व्हायचा. हे एरवी पाण्याखाली असतं, दिसत नाही. वर कमानीत गवयानं तान घेतली होती, भोवतीची माणसं ताल धरून होती, कुणीतरी मला शेंगा दिल्या. खाली बाबा एका खाचेत हात घालून वितीनं तिची खोली मोजत होते. दोन विती आणि चार बोटं. मग त्यांनी वर बघून मला हाक मारली, डायरी खाली टाक म्हणून.